बारा ओले हीर

आपा, तुझ्या जनाज्यासमोर उभं राहून मी जे बोललो ते खोटं नव्हतं. पण पुरं नव्हतं.

आपल्यात रीत आहे. नमाज सुरू होण्याआधी घरातल्या जवळच्या माणसाने पुढे होऊन सांगायचं, की मयताकडे कुणाचं काही देणं निघत असेल तर आता माझ्याकडे मागा, आणि त्याच्या हातून कुणी दुखावलं असेल तर माफ करा. तुझा जवळचा माणूस म्हणजे मीच. आई-अब्बा कधीच गेले, भावजी गेले, मूलबाळ तुला नाही. इमामसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुढे झालो. मशिदीच्या अंगणात उन्हं तिरपी झाली होती. मी म्हटलं, "माझ्या बहिणीकडे कुणाचं काही देणं असेल तर तिचा भाऊ जबाबदार आहे." आवाज ठीक निघाला. कुणी पुढे आलं नाही. येणार कोण? मिठाच्या पुडीलासुद्धा तू कधी उधारी ठेवली नाहीस.

पण ह्या रीतीत एक गोष्ट राहून गेली आहे. मयताचं ज्यांच्याकडे निघतं, त्यांनी काय करायचं? त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर त्या अंगणातून एकच माणूस पुढे आला असता, आणि तो आधीच पुढे उभा होता.

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. चाळिसाव्याच्या आत हे लिहून टाकावं असं ठरवलंय. मी बोलणारा माणूस नाही हे तुला सांगायला नको. "बर्फाच्या कारखान्यात राहून ह्याची जीभपण गोठली," असं तू शेजारणींना सांगायचीस, मला ऐकू येईल अशा बेताने. जेटीवरच्या त्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं लाद्यांचा हिशेब लिहितोय. कुठल्या होडीने किती लाद्या नेल्या, कुणाची किती बाकी. दुसऱ्यांच्या बाक्या लिहिताना हात कधी अडला नाही. आज अडतोय.

सुरुवात तुला माहीत आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आपल्याकडे रेल्वे येऊन वर्ष झालं असेल. माझ्या वयाचे सगळे आखातात जाऊन आले होते, काहींची दुमजली घरं उठली होती, आणि मी चाळिशी ओलांडून बर्फ मोजत होतो. एका एजंटाने व्हिसा देतो म्हणून सांगितलं. मी घरात न सांगता पतपेढीतून कर्ज काढलं आणि पैसे त्याच्या हातात दिले. दोन महिन्यांनी त्याच्या ऑफिसला कुलूप. ते कळल्यावर बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. तिला मी दोष देत नाही. जाताना तिने एवढंच विचारलं होतं, "मला सांगितलं का नाहीत?"

मग तू आलीस. मी बोलावलं नव्हतं. दापोलीहून दुपारच्या एसटीने आलीस, एक ट्रंक, शिवणाची कात्री आणि मसाला वाटायचा पाटा घेऊन. टपावरून पाटा उतरवताना कंडक्टर वैतागला, "मावशी, रत्नागिरीत दगड मिळत नाहीत काय?" तू म्हणालीस, "मिळतात. पण विकत."

त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून तू तांदूळ निवडायला घेतलेस आणि मान वर न करता विचारलंस, "किती?"

मी आकडा सांगितला.

"आता खरा सांग."

मी खरा सांगितला. तू सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावलास आणि म्हणालीस, "फिटेल. पण मना परत दोनदा विचारायला लावू नकोस."

कर्ज माझं, एजंटाला भुललो मी. पण अर्धा हप्ता तू आपल्या अंगावर घेतलास, अर्धी भाकरी घ्यावी तसा. अट एकच. तू मुद्दल देणार, व्याज देणार नाही. "व्याजाचा पैसा माझ्या हातून जायचा नाय. ते पाप तुझं, तू भर."

"आपा, हप्त्यात दोन्ही एकत्रच असतं. नोटेवर लिहिलेलं नसतं, ही मुद्दलाची आणि ही व्याजाची."

"अल्लाला वाचता येतं."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी दर महिन्याला कागदावर दोन रकाने पाडायचो आणि तुझे पैसे मुद्दलाच्या रकान्यात लिहून दाखवायचो. तू अक्षरओळखीपुरती शिकलेली, पण बोट बरोबर त्या रकान्यावर ठेवायचीस आणि समाधानाने "हां" म्हणायचीस. माझ्या अक्षरावर तुझा किती विश्वास होता, ते आता त्या कागदांकडे बघताना कळतं.

आणि हीर. परसातली वाळलेली झावळी ओढून आणलीस, पात्यांतून हीर सोललेस, ज्यांचा खराटा करतात तेच, आणि बहात्तर मोजून सुंभाने त्यांची जुडी बांधलीस. हप्ते बहात्तर होते. जुडी चुलीच्या वरच्या खुंटीला टांगलीस. दर सात तारखेला मी हप्ता भरून आलो की तू जुडीतला एक हीर ओढायचीस, मोडून चुलीत घालायचीस, आणि त्या जाळावर साखरेचा चहा व्हायचा. एरवी आपला चहा गुळाचा, तोही दिवसातून एकदा. पहिल्याच महिन्यात मी म्हटलं, "एका हिराने काय चहा उकळतो होय?" तर तू म्हणालीस, "एका हप्त्याने तरी कुठं कर्ज फिटतं? पण जाळाला लागतो ना?"

पहिलं वर्ष फार जड गेलं. जुडी जराही कमी झाल्यासारखी वाटेना. एकदा मी तसं बोलून दाखवलं, की आपा, हे आपल्या हयातीत संपायचं नाही. तू काही समजावत बसली नाहीस. जुडी खाली काढलीस, सुंभाची गाठ सोडलीस आणि पुन्हा आवळून बांधलीस. सुंभाचं टोक बोटभर जास्त उरलं. "हे बघ, एवढं गेलं," म्हणून ते टोक माझ्या हातात दिलंस. मग दर वर्षी तू गाठ नव्याने आवळायचीस आणि ते टोक लांब होत जायचं. कारखान्यात कुणी नवी मोटारसायकल दाखवायला आणली, कुणी इदीला सगळ्यांसाठी कपडे घेतले, की घरी आल्यावर मी त्या टोकाला हात लावून बघायचो. हे तुला माहीत नव्हतं. की होतं?

काटकसर लोक रडत करतात. तू ती ईर्ष्येने करायचीस, चुलीशी पैज लावल्यासारखी. माझ्या शर्टांच्या कॉलर विरल्या की उसवून उलट्या करून शिवायचीस, आणि वर्षभर शर्ट नवा. एका नारळाचं पहिलं दूध कालवणात, दुसरं सोलकढीत, उरलेला चोथा चटणीत आणि करवंटी चुलीत. रेडिओचे सेल उन्हात वाळत घालायचे. जेटीवरचा लिलाव संपत आला की जायचं, तोवर भाव पडलेला असतो. दापोलीला भावजींच्या पुतण्याला फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या दुकानातून मिस्ड कॉल द्यायचा, आणि त्याने उलटा फोन केला की "अरे, तूच केलास? बरं झालं!" म्हणायचं. शेजारच्या सकीनाभाभी म्हणाल्या, "आपा कावळ्यालापण शितं मोजून घालते." तू भिंतीपलीकडून उत्तर दिलंस, "मोजून घालते, पण रोज घालते." आणि पावसाच्या आधी सुके बोंबील, सोडे, आमसुलं, आठळ्या डब्यांत भरताना माझ्याकडे बघून म्हणालीस, "बेगम गेली तुझी, बेगमी तरी नीट करून ठेवूया." लग्न मोडल्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

एकदा मी घसरलो होतो. कारखान्याने थोडे वरचे पैसे दिले होते, आणि स्टँडजवळच्या हॉटेलात जाऊन मी बिर्याणी खाल्ली. हात तीनदा धुतले. दारातच तू म्हणालीस,

"काय खाल्लंस?"

"बिर्याणी."

"एकट्याने?"

"हो."

"बरी होती?"

"हो."

"मग बरं झालं."

एवढंच. दोन दिवसांनी कोळंबी सोलता सोलता तू आपणहून म्हणालीस, "खर्चाचं नाय वाटलं रे. मना बोलवायला हवं होतंस. मी खाल्ली नसती. बसले असते नुसती." मी "बरं" म्हटलं. ह्याला "बरं" हे उत्तर नव्हतं. आपल्या दोघांत मी किती ठिकाणी "बरं" म्हणून उठून गेलोय.

तुझी हौस एकच होती, रेल्वे. आपल्या दारावर मासळी घेऊन येणारी जानी एकदा मुंबईला लेकीकडे जाऊन आली, आणि पाटी उतरवून ओट्यावर तासभर तिने तुला तो प्रवास सांगितला. रत्नागिरी सोडलं की एक लांबलचक बोगदा लागतो, गाडीतले दिवे लागतात, कानात दडे बसतात, संपता संपत नाही. तू तिला चार वेळा विचारलंस, "म्हणजे डोंगराच्या पोटातून?" मी म्हटलं, तिकीट काही फार नाही, चल एक दिवस. तू हात झटकलेस. "देणं डोक्यावर असताना हौसेचा प्रवास करू नये. फिटलं की जाईन. रेल्वेने खेडपर्यंत, आणि तिथून एसटीने दापोली. माझी खोली वाट बघतेय तिथे."

पहिली काही वर्षं त्या वाक्याने मला जोर यायचा. तुला तुझ्या घरी मानाने परत पाठवायचं, हे एक काम डोळ्यांसमोर होतं. मग कधीतरी, चौथ्या की पाचव्या वर्षी, ते वाक्य मला बोचायला लागलं. कारखान्यातून चालत येताना लांबून चुलीचा धूर दिसला की बरं वाटायचं, आणि लगेच मनात यायचं, अजून किती हीर? सुंभाचं टोक आता जुडीपेक्षा लांब झालं होतं. संध्याकाळच्या गाडीची शिट्टी वाऱ्याबरोबर कधी ऐकू यायची. तू हातातलं काम थांबवून ऐकायचीस. मी तुझ्याकडे बघायचं टाळायचो.

आता ती सात तारीख.

पतपेढीच्या कारकुनाने शेवटचा हप्ता घेतला, पासबुकावर शिक्का मारला, 'बाकी नाही' असा कागद दिला आणि उठून माझा हात हातात घेतला. भला माणूस होता तो. म्हणाला, "एक हप्ता चुकवला नाहीत, साहेब." मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. कागद खिशात घालून मी बाजारातून चालत आलो. तुला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे वाटेत जुळवत होतो. खरं सांगतो आपा, दारापर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

दार उघडंच होतं. चुलीवर चहाचं आधण होतं. शेवटचा हीर तू आधीच हातात घेऊन ठेवला होतास. आणि तुझ्यामागे, खाटेखालून ओढून काढलेली, पुसून लख्ख केलेली ट्रंक होती. झाकण उघडं होतं.

मी म्हटलं, "आपा, अजून बारा महिने आहेत."

वाक्य आपसूक बाहेर पडलं. मग त्याच्या मागे बाकीचं आलं. कारकुनाची मोजणीत चूक झाली. मुद्दलातलंच राहिलंय. मुद्दलातलंच, हे मी जाणून म्हटलं. व्याज म्हटलं असतं तर तुझा वाटा तिथेच संपला असता आणि तू मोकळी झाली असतीस.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी वाट बघत होतो, की आता म्हणशील, "खरं सांग." मी सांगितलं असतं. कागद खिशातच होता. पण तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. सहा वर्षं मी तुझ्याशी खोटं बोललो नव्हतो, त्याची ही कमाई. "त्या कारकुनाचं वाटोळं होवो," असं म्हणालीस, लगेच "तोबा, तोबा" म्हणून गालांना हात लावलेस, आणि ट्रंकेचं झाकण बंद करून पायाने ती खाटेखाली सारलीस. नंतर कितीतरी दिवस नमाजनंतर त्या कारकुनासाठी दुआ मागत होतीस. "शिव्या दिल्या मी त्याला. बिचारा, त्याच्यापण डोक्यावर काही असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुडीत बारा हीर घालायचे होते. वाळकी झावळी परसात नव्हती. मी कोयत्याने ओली तोडली आणि बारा हीर सोलले. तू ते हातात घेऊन वाकवून बघितलेस. "ओले आहेत रे."

"वाळतील."

"धूर करतील."

केला. पहिले दोन-तीन महिने सात तारखेच्या चहाला धुराचा वास यायचा आणि तुझे डोळे चुरचुरायचे. समोर बसून साखरेचा चहा पिताना मी कपाच्या तळाकडे बघायचो.

ते वर्षभर मी तुझा वाटा आणि माझा वाटा दोन्ही नेऊन कारखान्याच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. एक रुपया उचलला नाही. ह्याने माझं काही हलकं होत नाही, हे मला कळतं. पैसे मी घेतले नाहीत, मी तुझं वर्ष घेतलं. चष्म्याची काडी मोडली तर दोरा बांधून त्याच चष्म्याने तू लोकांच्या गोधड्या शिवत राहिलीस. "नवा फिटल्यावर." गोधड्या डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत जायचीस. रिक्षाचं नाव काढलं की "फिटल्यावर." आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते कर्ज ह्या जगात नव्हतंच.

आणखी एक कबूल करतो, हे सगळ्यात जड आहे. ते वर्ष माझं सगळ्यात चांगलं गेलं. डोक्यावर हप्ता नव्हता आणि घरात तू होतीस. तुलाही ते दिसलं. "हल्ली हसतोस," म्हणालीस एकदा, "कर्जाची सवय झाली तुला." मी आणखी हसलो.

तू गेलीस तेव्हा बारातले अकरा हीर जळले होते.

दुपारी परसात मिरच्या वाळत घालताना खाली बसलीस, ती बसलीसच. जानीने बघितलं. कारखान्यात फोन आला तेव्हा मी एका होडीची बाकी लिहीत होतो. पेन टोपण न लावताच खिशात टाकलं, त्याचा डाग त्या शर्टावर अजून आहे, तूच कॉलर उलटी केलेल्या शर्टावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, "फार चालायची, ओझं घेऊन. त्याने?" ते म्हणाले, चालण्याने कुणी जात नाही. मी मान हलवली. दिवसातून दोन-तीनदा मी अजून त्यांना मनातल्या मनात तेच विचारतो.

तिसऱ्या दिवशी जानी आली. पाटी नव्हती, साडी धुतलेली होती. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि पदराची गाठ सोडून नोटा माझ्यासमोर ठेवल्या.

"हे आपाचे. सात तारखेला मोठी सुरमय आण म्हणून आगाव दिलेन व्हते. कर्ज फिटतंय म्हणालीन, भावाला करून घालायचीय. आता ती नाय, तर मी कशाला ठेवू? मशिदीत तुमी सगळ्यांना इचारलात म्हणे, कोणाचं देणं हाय काय. मी काय तिथं नव्हते. पण माझ्याकडंच निघतं तिचं."

नव्वद रुपये होते. मासळीच्या पाटीवर घर चालवणारी बाई, रीत तिच्या धर्माची नाही, आणि ती तीन दिवसांत तुझं देणं घेऊन दारात आली. माझा डबा कपाटात होता. मी नोटा उचलल्या नाहीत. म्हटलं, "ठेव तुझ्याकडे. सात तारखेला सुरमई घेऊनच ये."

मधल्या दिवसांत मी इमामसाहेबांकडे गेलो. म्हटलं, एका ओळखीच्या माणसाने बहिणीचे पैसे अडकवून ठेवले आणि बहीण वारली, त्याने काय करावं? त्यांनी विचारलं, वारस कोण? मी म्हटलं, तोच, भाऊ. ते म्हणाले, "मग देणेकरी तोच आणि घेणेकरीपण तोच. हिशेबाने काही उरत नाही." आणि मला दारापर्यंत पोहोचवायला आले तेव्हा म्हणाले, "त्या ओळखीच्या माणसाला सांगा, तिच्या नावाने सदका करावा, गरिबांना द्यावं. आणि त्याला झोप येत नसेल तर कुणाला तरी खरं सांगावं." माझ्या आयुष्यात एकच कर्ज आपोआप माफ झालं, आणि तेच मला फेडायचं होतं.

सात तारखेला जानी सुरमई घेऊन आली. पायरीवर विळी मांडून तुकड्या करायला लागली. मी समोर उभा होतो. का ते माहीत नाही, कदाचित तिचं लक्ष विळीकडे होतं म्हणून असेल, पण मी सगळं सांगितलं. कागद, ट्रंक, ओले हीर, डबा. तुला दापोलीला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून, हेसुद्धा.

जानीचा हात थांबला.

"दापोलीला? कोण जाणार व्हतं दापोलीला?"

"आपा. रेल्वेने खेड, तिथून—"

"अवो भाव, ती खोली तिने पुतण्याला देऊन टाकली तीन वर्सं झाली. त्याच्या पोरांना जागा पुरत नव्हती. तुमाला नाय बोलली?"

मी म्हटलं, "पण ट्रंक काढली होती तिने."

"ट्रंकेत चांगली साडी व्हती. गाडीत बसायला. मना म्हणालीन, खेडला उतरेन, टेशनावर चाय पीन आणि येणाऱ्या गाडीने परत येन. बोगदा दोनदा बगायला मिळंल." जानी पुन्हा विळीवर वाकली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भीत व्हती ती. म्हणायची, कर्ज फिटलं की भावाला माझं काय काम? जा म्हणाला तर कुठं जाऊ? त्याच्या आदी आपणच जाते जाते म्हणायचं, म्हणजे लाज ऱ्हाते. तुमी एवडे लिवणारे-वाचणारे. एक इचारायला काय झालं व्हतं?"

तुकड्या ताटलीत ठेवून, रक्त धुऊन ती गेली. नव्वदच्या वरचे पैसे घेतले नाहीत.

मी सुरमई तळली. तुझ्यासारखी नाही झाली, तांदळाचं पीठ सुटलं. पाटावर बसून एकट्याने खाल्ली, आणि समोर तुझा पाट मांडून ठेवला होता. तू खाल्ली नसतीस, बसली असतीस नुसती.

डब्यातले पैसे मी तुझ्या नावाने देऊन टाकीन. माझे आणि तुझे, दोन्ही. ते सोपं आहे. हे छापून आलं की जमातीतली माणसं वाचतील, त्या पतपेढीचा कारकूनही कदाचित वाचेल. वाचोत. त्याने मोजणीत चूक केली नव्हती.

शेवटचा हीर अजून खुंटीला आहे. आता चांगला वाळलाय, धूर करणार नाही. सुंभ त्याच्याभोवती कितीतरी वेढे घेऊन उरलेलं लोंबतंय. तो मी जाळणार नाही, कारण तो हप्ता माझ्याकडून जायचा आहे, आणि तो पैशांचा नाही. त्या सात तारखेच्या संध्याकाळी दारात दोन वाक्यं बोलायची होती. एक तुला खूश करणारं होतं आणि दुसऱ्याची मला भीती वाटत होती, म्हणून मी दोन्ही गिळली. ती आता लिहितो. तू ट्रंकेपाशी उभी आहेस, हातात हीर आहे, चुलीवर आधण आहे. मी चपला काढतो आणि खिशातला कागद तुझ्या हातात देतो.

आपा, फिटलं. आता इथेच राहशील ना?